पटाचा आरंभ आणि भोपाळचा सुतार

मराठी इतिहासाच्या वाचकाला भोपाळ हे नाव प्रथम भेटते ते एका वेढ्याच्या संदर्भात. १७३७ च्या डिसेंबरात दिल्लीहून माळव्यात उतरलेल्या निजामुल्मुल्काला पहिल्या बाजीरावाने याच शहराच्या कोटात कोंडले, समोरासमोरच्या मोठ्या झुंजीपेक्षा वाटा अडविण्यावर आणि रसद तोडण्यावर भर देऊन त्याला जेरीस आणले, आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्याच्या मुक्कामी माळव्याचा मुलूख लिहून घेतला. त्यानंतर अनेक राजवटी आल्या. बेगमांच्या चार पिढ्यांनी येथे अंमल चालविला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. या प्रकरणात मात्र मला भोपाळची जी कीर्ती सांगावयाची आहे ती तलावांची नाही, नबाबीची नाही आणि त्या वेढ्याचीही नाही. १९८० साली भूमध्य समुद्रातील माल्टा नावाच्या चिमुकल्या बेटावर चौसष्ट घरांच्या पटासमोर बसलेल्या आणि बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी वैयक्तिक पदक मिळविणारा पहिला खेळाडू ठरलेल्या एका सुताराची ती कीर्ती आहे. त्याचे नाव मोहम्मद रफीक खान.

या पराक्रमाचे मोल यथार्थपणे उमगावयाचे असेल तर बुद्धिबळाच्या डावाचा आरंभ म्हणजे काय, आणि तो कोणाच्या वाट्याला कसा येतो, हे आधी समजून घ्यावे लागेल. कारण या खेळात नशिबाचा भाग नसला, फासा नसला, दोन्ही पक्षांचे सैन्य सारखेच असले, तरी दोन्ही खेळाडू सारख्याच स्थितीत पटावर येतात ही समजूत खरी नाही, आणि ती जेथे खोटी ठरते ते स्थळ म्हणजे नेमका हा आरंभच होय.

डावाच्या पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत खेळाडूला तीन कामे उरकावयाची असतात: पटाच्या मध्यावरील चार घरांवर आपला अंमल बसविणे, मागच्या रांगेत अडकलेले घोडे व उंट बाहेर काढणे, आणि किल्लेकोट करून राजाला सुरक्षित कोपऱ्यात नेणे. सांगावयाला हे सोपे आहे. परंतु पहिल्याच खेळीला प्रत्येक पक्षापुढे वीस पर्याय असतात, म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० मार्ग फुटतात, आणि दोघांच्या दोन-दोन खेळ्या होईतो ही संख्या १,९७,२८१ वर जाते. एवढ्या अरण्यात कोणती वाट कोठे जाते हे एका माणसाने एका जन्मात शोधून काढणे अशक्य. म्हणून गेल्या चार-पाचशे वर्षांत हजारो खेळाडूंनी खेळून, हरून, लिहून ठेवलेल्या अनुभवाचा एक प्रचंड संग्रह तयार झाला आहे, आणि ज्याच्या हाती तो संग्रह आहे तो पंधराव्या खेळीपर्यंत स्वतःच्या बुद्धीला फारसा शीण न देता पोहोचतो. ज्याच्या हाती तो नाही त्याला तेवढ्याच खेळ्या स्वतःच्या मस्तकातून काढाव्या लागतात, आणि घड्याळ तर दोघांचेही सारख्याच गतीने चालते. मधला डाव आणि शेवटचा डाव यांत माणसाची स्वतःची शक्ती कसाला लागते. आरंभात मात्र त्याचे पुस्तकांचे कपाट, त्याची भाषा, त्याचा गुरू आणि त्याच्या गावाला लाभलेल्या सोयी, हे सारे त्याच्याबरोबर पटावर उतरते.

आपल्या देशाची या बाबतीतील स्थिती विलक्षण आहे. खेळ आपला, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये त्याचे वर्णन केले आहे, आणि मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’सारख्या राजनीतीच्या ग्रंथात त्याला जागा दिली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ इंग्रजी रूपाने मुंबईत छापला गेला. परंतु या शेवटच्या ग्रंथात भर आहे तो पटावरील विशिष्ट मांडण्यांवर, अमुक इतक्या खेळ्यांत मात कशी करावी या कूटांवर. आरंभाची चर्चा आपल्याकडे अशी वाढली नाही याचे कारण आपल्या बुद्धीतील काही उणीव हे नव्हे. त्याचे कारण आपल्या देशी नियमांत आहे. देशी पद्धतीत, प्रांतोप्रांतीचे भेद सोडले तर, प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. युरोपातल्यासारखा किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह न बसलेल्या राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे ज्या मोहऱ्याच्या रांगेतून ते चालत आले त्याच मोहऱ्याचा दर्जा त्याला प्राप्त होई. अशा खेळात दोन्ही सैन्ये पहिल्या कित्येक खेळ्या आपापल्या मुलखात व्यूह रचीत राहत आणि चकमक उशिरा होई. अरबी उस्तादांनीही अशा ठरीव व्यूहरचनांना नावे देऊन ठेवली होती. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांना लांब पल्ल्याची चाल मिळाली आणि प्याद्याची दोन घरांची उडी रूढ झाली, तेव्हा पाचव्या-सहाव्या खेळीलाच राजावर प्रसंग येऊ लागला, आणि या भीतीपोटी तेथे आरंभाचे शास्त्र जन्मले व वाढले.

ही दोन जगे एकमेकांसमोर आली ती कोलकात्यात. जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर, जो आपल्या काळच्या युरोपातील बलवान खेळाडूंपैकी एक होता, तेथे वकिली करीत असे. आणि मुफस्सलातून आलेला महेशचंद्र बंद्योपाध्याय नावाचा एक ब्राह्मण, ज्याची युरोपीय नियमांशी ओळख नुकतीच होत होती, त्याचा प्रतिस्पर्धी बनला. १८४८ पासून पुढे बारा-एक वर्षे या दोघांनी शेकडो डाव खेळले, आणि कॉक्रनने त्यांतील अनेक लिहून ठेवले म्हणून ते आज आपल्याला उपलब्ध आहेत. त्यांपैकी मे १८५५ मधील एक डाव येथे बारकाईने पाहू. वाचकाने शक्य तर पट मांडून घ्यावा, नाहीतर मनाशी तरी मांडावा.

पांढरी मोहरी कॉक्रनकडे आहेत. त्याने रिवाजाप्रमाणे वजिरापुढील प्यादे दोन घरे लोटले. त्या काळच्या शिष्टसंमत मताप्रमाणे काळ्याने तसेच प्यादे समोर आणून मध्य अडवावयाचा. पण महेशचंद्राने प्याद्याला हातही न लावता राजाकडचा घोडा उंटाच्या प्याद्यापुढे आणून ठेवला. कॉक्रनने वजिराकडच्या उंटाचे प्यादे दोन घरे पुढे घेऊन मध्य अधिकच व्यापला, तर महेशचंद्राने राजाकडच्या घोड्याचे प्यादे फक्त एक घर चालविले आणि त्या रिकाम्या झालेल्या घरातून राजाकडच्या उंटाला कोनाकोनाने अख्ख्या पटावर नजर टाकता येईल अशी वाट करून दिली. पांढऱ्याने वजिराकडचा घोडा बाहेर काढला, आणि आता तिसऱ्या खेळीला काळ्याने वजिराचे प्यादे एकदम दोन घरे रेटून त्या भरलेल्या मध्यावर घाव घातला. या खेळीमागील विचार असा की, मध्य शत्रूला व्यापू द्यावा, त्याला तेथे आपले सैन्य खर्च करू द्यावे, आणि मग दुरून, बाजूने, उंटाच्या आणि प्याद्याच्या माऱ्याने तो मध्य ढासळवावा. युरोपातील ग्रंथकारांना हा विचार त्या वेळी मान्य नव्हता. प्याद्याच्या एकेका घराच्या चालीवर ज्याचा पिंड पोसला होता त्या माणसाला तो स्वाभाविक वाटला असावा, असे बुद्धिबळाच्या इतिहासकारांचे अनुमान आहे, आणि मला ते पटण्यासारखे वाटते.

पुढे दोघांनी राजे कोपऱ्यात नेले. मध्यावर प्यादी मारली गेली. काळ्याच्या घोड्याने पांढऱ्याच्या घोड्याचा बळी घेऊन स्वतःचाही बळी दिला. वजिराकडच्या उंटाच्या प्याद्याने काळ्याने पुन्हा मध्याला धक्का दिला. आणि तेराव्या खेळीच्या सुमारास पट पाहिला तर महेशचंद्राच्या स्थितीत काहीही वाईट नव्हते. त्याचे सर्व मोहरे बाहेर आले होते, त्याचा उंट लांब कर्णावर रोखलेला होता, एक हत्ती मोकळ्या रांगेवर होता. येथवरचा खेळ आजच्या कोणत्याही निष्णात खेळाडूने आपला म्हणून सांगावा इतका शुद्ध आहे.

मग चौदावी खेळी आली. कॉक्रनचा वजीर घोड्याच्या रांगेवर येऊन काळ्या राजाच्या बाजूच्या प्याद्याकडे, म्हणजे राजाकडच्या उंटापुढील प्याद्याकडे, तिरकस पाहत होता. त्या प्याद्याला किल्लेकोटानंतर दोन राखणदार असतात, राजा आणि हत्ती. महेशचंद्राने राजापुढील प्याद्याच्या काळजीने तो हत्ती एक घर बाजूला घेतला, आणि त्या उंटापुढील प्याद्याचा बंदोबस्त एकट्या राजावर येऊन पडला. खेळी वरवर निरुपद्रवी दिसते. कॉक्रनने आधी आपल्या हत्तीने काळ्या वजिराला छेडून त्याला मूळ जागी परत धाडले, मग सतराव्या खेळीला घोडा पुढे घातला. काळ्याने मध्येच उंट मारला. घोड्याने ते एकट्या राजाच्या भरवशावरचे प्यादे उचलून वजिरावर चाल केली. महेशचंद्राने प्रतिटोला म्हणून आपल्या घोड्याने पांढऱ्या वजिरावर रोख धरला. आता शेवट पाहा: पांढऱ्याचा घोडा कोपऱ्याजवळच्या घरात उडाला आणि घोडा व वजीर या दोघांचा एकदम दुहेरी शह बसला, राजा कोपऱ्यात सरकला, पांढऱ्याने आपला वजीर राजाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला, जेथे त्याला मारण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि मारावयाचा तर हत्तीनेच, हत्तीने तो मारला, राजाचे शेवटचे मोकळे घर आपल्याच हत्तीने भरले, आणि एकविसाव्या खेळीला घोडा परत त्या प्याद्याच्या घरात येऊन मात झाली. राजाभोवती त्याचेच हत्ती, उंट आणि प्यादे उभे होते. त्यांच्यापैकी कोणालाही त्या घोड्याला हात लावता येत नव्हता.

डाव कॉक्रनने जिंकला आणि तो उत्कृष्ट रीतीने जिंकला, यात संशय नाही. परंतु महेशचंद्र हरला तो चौदाव्या खेळीत. त्याच्या आरंभात दोष नव्हता. त्यानंतर ६७ वर्षांनी, १९२२ साली, व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने काळ्याची हीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली, तिच्यावर अलेखाइनसारख्या प्रतिस्पर्ध्याला हरविले, आणि आज जगभर तो आरंभ ग्रुनफेल्डच्या नावाने ओळखला जातो. कॉक्रनचेही नाव एका आरंभास मिळाले, आणि गंमत नव्हे तर खेद असा की, ज्या डावात त्याने चौथ्याच खेळीला घोड्याचा बळी देऊन तो नावाजलेला हल्ला चढविला त्या १८४८ सालच्या डावातही समोर बसलेला माणूस महेशचंद्रच होता. त्याच्या वाट्याला काय आले? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात युरोपीय लेखकांनी अशा सर्व दूरमारा करणाऱ्या आरंभांना मिळून ‘इंडियन’ असे विशेषण लावले: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन. देशाचे नाव राहिले, माणसाचे गेले. ज्यांच्याजवळ छापखाने आणि नियतकालिके होती त्यांच्या दप्तरी नोंद झाली. इतरांची झाली नाही.

याच ‘इंडियन’ आरंभांपैकी एक हॅस्टिंग्जच्या स्पर्धेत १९३०-३१ च्या नाताळात खेळला गेला, आणि तेथे पंजाबच्या मीर सुलतान खानने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला ६५ खेळ्यांत नमविले. सुलतान खान हा सर उमर हयात खान या जमीनदार सरदाराच्या पदरी असलेला माणूस. देशी नियमांवर वाढलेला. १९२९ साली विलायतेत गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला, पुढे १९३२ व १९३३ सालीही त्याने ते मिळविले. आरंभाचे ग्रंथ त्याला परके होते आणि त्याच्या कित्येक डावांत पहिल्या बारा खेळ्यांनंतर त्याची बाजू पडती दिसते. पण कापाब्लांकाविरुद्धच्या त्या डावात त्याने पाचव्या खेळीला वजिराकडच्या हत्तीचे प्यादे एकच घर पुढे घेतले, म्हणजे युरोपीय दृष्टीने एक खेळी वाया घालविली, आणि पुढे याच प्याद्याच्या चालीवर उभारलेल्या पद्धतीला तिग्रान पेट्रोस्यान या जगज्जेत्याचे नाव मिळाले. मराठी वाचकाला त्याच्या चरित्रातील एक कलम आवर्जून सांगितले पाहिजे: हिंदुस्थानात परतल्यावर १९३५ साली त्याचा दहा डावांचा सामना झाला तो व्ही. के. खाडिलकर यांच्याशी, आणि त्यात खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडविता आला, बाकीचे नऊ सुलतान खानने जिंकले. १९६६ साली तो निवर्तला आणि २०२४ साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानाची ग्रँडमास्टर ही सनद मरणोत्तर दिली. अठ्ठावन्न वर्षांनी!

स्वतंत्र भारतात बुद्धिबळाची घडी बसली ती हळूहळू. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाले आणि त्यात रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. १९५६ साली मॉस्कोच्या ऑलिंपियाडमध्ये भारताचा संघ प्रथम उतरला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे स्पर्धांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या तेवत ठेवली. मद्रासेत १९७२ साली सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाइल ताल यांच्या नावाचे मंडळ निघाले आणि रशियन ग्रंथ, रशियन नियतकालिके तेथील मुलांच्या हाती येऊ लागली, ज्यांत पुढे विश्वनाथन आनंद हा एक होता. आरंभाच्या अभ्यासाचे सर्वांत मोठे साधन त्या काळी बेलग्रेडहून निघे. १९६६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’च्या अंकात निवडक डाव मोहऱ्यांच्या चित्रांनी आणि ठरावीक खुणांनी छापलेले असत, त्यामुळे कोणतीही भाषा न येणाऱ्यालाही तो वाचता येई, माझ्या मते बुद्धिबळाच्या इतिहासातील हे एक मोठे लोकशाही पाऊल होते. पण भाषेची अट गेली तरी दामाची राहिलीच. परदेशी चलनावर सरकारी निर्बंध असलेल्या त्या काळात युगोस्लाव्हियाचा ग्रंथ मागविणे रोजंदारीवर पोट भरणाऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

अशा काळातला भोपाळचा हा सुतार. जन्म १९४६ चा.

जुन्या भोपाळात, चौक, इतवारा, बुधवारा या वस्त्यांतून, दुकानांच्या आणि घरांच्या दाराशी बसविलेल्या दगडी फरशा असतात. त्यांना तेथे पटिये म्हणतात. रात्री दुकानांच्या फळ्या लागल्या की या पटियांवर माणसे येऊन बसतात, चहा येतो, पान येते, शेरोशायरी, राजकारण, गावगप्पा चालतात, आणि त्याच्या जोडीने शतरंजचा पट मांडला जातो. पटियांवरचा हा खेळ घड्याळाशिवाय चालतो, बघणारे खेळणाऱ्यांइतकेच बोलतात, आणि एकाही डावाची नोंद कोणी ठेवीत नाही. भोपाळच्या ज्या वातावरणात रफीक खान वाढले त्यात शतरंज हा असा रस्त्यावरचा, सर्वांना मोकळा असलेला खेळ होता. त्याला शुल्क नव्हते, सभासदत्व नव्हते, जात-धर्म-दर्जा यांची विचारपूस नव्हती. अशा खेळाने माणसाला दोन गोष्टी मिळतात: डोळ्यांची तीक्ष्णता आणि संकटातून निसटण्याची युक्ती. जे मिळत नाही ते म्हणजे आरंभाचे पद्धतशीर ज्ञान.

म्हणून १९७६ साली राष्ट्रीय ‘ब’ स्पर्धेत या सुताराने १५ डावांत १३ गुण मिळवून विजेतेपद घेतले ही घटना साधी नव्हे. ‘ब’ स्पर्धा ही देशभरच्या खेळाडूंची चाळणी. तिच्यातून वर निघालेल्या मोजक्यांना ‘अ’ स्पर्धेत, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मुख्य रिंगणात, प्रवेश मिळे. पंधरा डाव म्हणजे पंधरा वेगवेगळ्या तयारीचे प्रतिस्पर्धी, आणि त्या सर्वांविरुद्ध मिळून अवघे दोन गुण गमवावयाचे! (याच १९७६ साली मुंबईच्या तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारी पहिली स्त्री होण्याचा मान घेतला, त्यावर वाद माजला, न्यायालयापर्यंत गेला, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही असा निवाडा दिला. भारतीय बुद्धिबळाचे दरवाजे त्या एका वर्षात दोन बाजूंनी उघडले गेले असे म्हणावयास हरकत नाही.)

परंतु विजेतेपदाने चूल पेटत नाही. राष्ट्रीय दर्जाचा हा खेळाडू रंधा आणि पटाशी यांवरच गुजराण करीत राहिला. त्याची हकीकत केंद्रीय उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या कानावर गेली तेव्हा चित्र पालटले. फर्नांडिस हे मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले, मराठी सफाईने बोलणारे, १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना पाडणारे पुढारी. हाताने काम करणाऱ्याच्या अडचणी त्यांना समजावून सांगाव्या लागत नसत. त्यांच्या तजविजीने रफीक खान यांना भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरी मिळाली. १९५६ साली विलायतेच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने स्थापन झालेला भोपाळचा हा कारखाना गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या वसाहतींसह एक स्वतंत्र नगरच होऊन बसला आहे, आणि त्याच्या हजेरीपटावर आरंभापासून महाराष्ट्रातून आलेल्या तंत्रज्ञांची नावे आहेत. सरकारने या प्रसंगी योग्य ते केले असे माझे स्पष्ट मत आहे. गुणी माणसाला बक्षीस देऊन बोळविण्यापेक्षा त्याला नियमित वेतन, सुटीचा हक्क आणि उद्याची निश्चिंती देणे हेच त्याच्या गुणांचे खरे पोषण होय.

त्याचे फळ लवकरच दिसले. १९८० च्या नोव्हेंबरात माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेट्टा येथे, चोविसावे ऑलिंपियाड भरले. ते चौदा फेऱ्यांचे होते. सोव्हिएत संघ आणि हंगेरी यांचे गुण शेवटी ३९-३९ असे सारखे झाले आणि बारीक हिशेबाने सुवर्ण सोव्हिएतकडे गेले, यावरून चुरस ध्यानात येईल. सतरा वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह आपले पहिले ऑलिंपियाड तेथे खेळत होता. त्याच शहरात त्याच वेळी भरलेल्या स्त्रियांच्या ऑलिंपियाडमध्ये रोहिणी खाडिलकर होत्या. भारताच्या पदरी त्या वेळी एकही ग्रँडमास्टर नव्हता. पहिला मिळावयाला अजून सात-आठ वर्षांचा अवकाश होता.

ऑलिंपियाडमध्ये संघाच्या पदकांखेरीज प्रत्येक पटावरच्या सर्वोत्तम कामगिरीला वैयक्तिक पदके असतात, आणि त्या काळी ती गुणांच्या शेकडेवारीवर ठरत. रफीक खान यांनी १३ डावांत ९ गुण मिळविले, म्हणजे शेकडा एकोणसत्तरहून किंचित अधिक, आणि आपल्या पटाचे रौप्यपदक त्यांना मिळाले. जिंकलेल्या डावाचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा, या हिशेबाने हा आकडा उभा करणे किती कठीण हे खेळणाऱ्यालाच कळेल. संघातील सहांपैकी चौघे एका वेळी खेळतात आणि इतरांना आळीपाळीने विश्रांती मिळते. चौदांपैकी तेरा फेऱ्यांत रफीक खान पटावर होते, म्हणजे जवळजवळ अखंड. त्यातून प्रतिस्पर्धी प्रत्येक दिवशी वेगळ्या देशाचा, वेगळ्या शिकवणीचा, आणि आरंभात काय पुढे येईल याचा अंदाज बांधण्यास हाताशी विशेष काही नाही.

लाकूडकाम करणाऱ्याला एक गोष्ट उपजत कळते: सांधा पहिल्या कापातच बसतो किंवा बिघडतो, मागाहून कितीही तासले तरी तो पक्का होत नाही. बुद्धिबळातील आरंभाचेही तसेच असते, असे ग्रंथकार सांगतात, आणि सामान्यतः ते खरे आहे. पण महेशचंद्र, सुलतान खान आणि रफीक खान या तिघांच्या कारकिर्दी एकापुढे एक ठेवून पाहिल्या म्हणजे या नियमाला एक मोठी पुरवणी जोडावी लागते. आरंभाचे शास्त्र माणसाला विकत मिळू शकते, शिकविले जाऊ शकते, उसने आणता येते. पडत्या डावात तीस-चाळीस खेळ्या धीराने तग धरणे, प्रतिस्पर्ध्याची दक्षता ढळताच तो क्षण ओळखणे, बरोबरीत सुटणारा शेवट चिकाटीने जिंकणे, हे यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळत नाही. जेथे हे दुसरे आहे तेथे पहिले पुरविणे हे समाजाचे आणि सरकारचे काम आहे. महेशचंद्राला ते कोणी पुरविले नाही, सुलतान खानाला धन्याच्या मर्जीपुरते मिळाले, आणि रफीक खान यांना ते वयाच्या तिशीनंतर, अर्धेमुर्धे, एका मंत्र्याच्या लक्षात आले म्हणून लाभले. ते दहाव्या वर्षी लाभते तर काय झाले असते, हा प्रश्न मनाला चाटून गेल्यावाचून राहत नाही.

आज परिस्थिती पार बदलली आहे. संगणकाने आरंभाचे सारे अरण्य उजेडात आणले असून नागपूर, नाशिक किंवा भोपाळ येथील मुलाला जगातील कालच्या स्पर्धेतला डाव आज सकाळी पाहता येतो. २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, स्त्रियांच्या संघाचे कप्तान पुण्याचे अभिजित कुंटे होते, आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने संघाच्या सुवर्णाबरोबर आपल्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही आणले. पुढल्या जुलैत तिने बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून स्त्रियांचा विश्वचषक घेतला आणि ती ग्रँडमास्टर झाली. या सोनेरी यादीच्या अगदी मुळाशी, १९८० सालच्या त्या एका रौप्यपदकाची नोंद आहे, आणि ती भोपाळच्या नावावर आहे.

रफीक खान १९ जुलै २०१९ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी निवर्तले. त्यांचे स्पर्धांतील डाव काही ना काही प्रमाणात कागदावर आले. पटियांवरचे आणि वसाहतीतल्या सायंकाळचे आले नाहीत. गोविंदपुऱ्यात, पिपलानीत, बरखेड्यात ज्यांनी त्यांच्याबरोबर नोकरी केली, दुपारच्या सुटीत त्यांच्यासमोर पट मांडला, त्यांच्याकडून हरताना काहीतरी शिकले, अशी माणसे आजही भोपाळात आहेत आणि त्यांत मराठी घरेही असणार. अशा वाचकांपैकी कोणाच्या पेटीत जुन्या गुणपत्रिका असतील, कोणाला एखाद्या डावाचा आरंभ आठवत असेल, तर त्याने तो पहिल्या खेळीपासून, तारखेसह आणि दोघांच्या नावांसह, लिहून काढावा आणि शहरातील बुद्धिबळ शिकविणाऱ्यांच्या हाती द्यावा. महेशचंद्राचा आरंभ आपल्याला आज माहीत आहे तो कोणीतरी तो त्याच वेळी लिहून ठेवला म्हणून.